बक्षीसपत्र, भाडेकरू आणि आजींची खोली: विधी साहाय्य केंद्रातलं एक प्रकरण

या कुटुंबाची ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत, आणि आजींना विचारूनच हे लिहिलं आहे. मी एका विधी महाविद्यालयात शिकवते. तिथल्या विधी साहाय्य केंद्राची जबाबदारी माझ्याकडे असल्याने ही फाइल पहिल्या पानापासून माझ्या नजरेखालून गेली. लिहिण्यासाठी हेच प्रकरण निवडलं, कारण विद्यार्थ्यांनी कायदा अगदी बरोबर शोधून काढला होता, तरी पक्षकाराला जे हवं होतं ते त्या कलमात नव्हतं. तिथून पुढे त्यांनी काय केलं, ते नव्याने केंद्रात येणाऱ्या मुलांना कळायला हवं.

पार्श्वभूमी

आपल्याकडे कायद्याच्या विद्यार्थ्याला कोर्टात उभं राहून कुणाची बाजू मांडता येत नाही. वकील कायदा, 1961 प्रमाणे तो हक्क सनद घेतलेल्या वकिलाचा. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत वरच्या वर्गातला विद्यार्थी अनुभवी वकिलाच्या देखरेखीखाली दिवाणी पक्षकारासाठी थेट न्यायाधीशांपुढे बोलू शकतो. आपली मुलं ते वाचतात आणि हळहळतात. पण हातात काहीच नाही असं नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या कायदेशिक्षण नियमांनी महाविद्यालयांवर विधी साहाय्य केंद्र चालवण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2011 च्या विनियमांत विद्यार्थ्यांच्या केंद्रांचा स्वतंत्र विचार आहे. अनेक ठिकाणी हे केंद्र पाटीपुरतंच उरतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमच्याकडे शनिवारी केंद्र उघडतं. एका प्रकरणाला दोन विद्यार्थी. पूर्णवेळ पगारी शिक्षकाला वकिली करता येत नाही, म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या एक वकील मॅडम सल्ल्याला येतात आणि प्रत्येक कागद बाहेर जाण्याआधी वाचतात. विद्यार्थी पक्षकाराशी बोलतात, कागद मिळवतात, मसुदे लिहितात. काय बोललं गेलं ते बाहेर जाणार नाही, असं त्यांच्याकडून पहिल्याच दिवशी लिहून घेतो. वकिलाला गोपनीयतेचं जे कायदेशीर संरक्षण असतं ते विद्यार्थ्याला सरसकट लागू पडेल, या भरवशावर राहता येत नाही.

या प्रकरणात एक विद्यार्थिनी होती, वर्गात पहिल्या बाकावरची, निवाडे तोंडपाठ असलेली. दुसरा विद्यार्थी वयाने मोठा. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर एका दस्तलेखकाकडे टायपिंग करता करता एलएल.बी.ला आलेला.

आजी 73 वर्षांच्या. पती एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. नव्वदच्या दशकात त्यांनी शहराच्या कडेला प्लॉट घेतला तो पत्नीच्या नावावर, आणि हळूहळू तळमजला बांधला. दोन मुलगे, एक मुलगी. थोरला याच घरात राहणारा, एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरीला. धाकटा पिंपरी-चिंचवडला. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला दिलेली, घरी शिवणकाम करते. 2021 च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत आजोबा गेले. त्या दिवसांत घरोघरी हीच धास्ती होती: आपणही गेलो तर मागे पोरांचे वाद नकोत. ऑगस्टमध्ये आजींनी घर थोरल्याच्या नावे बक्षीसपत्राने करून दिलं. राहतं घर मुलाला बक्षीस द्यायचं असेल तर आपल्याकडे मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. सोय चांगली आहे, पण सोपेपणामुळे माणूस विचार करायला थांबत नाही, हेही केंद्रात वारंवार दिसतं.

थोरल्याने पुढे घरावर पतसंस्थेचा बोजा चढवून वरचा मजला बांधला. हप्ते चालू झाले. हप्त्याला हातभार म्हणून तळमजल्यावरची पुढची खोली, म्हणजे आजी-आजोबांची खोली, भाडेकरूला दिली. आजींची कॉट जिन्याखालच्या बोळात आली. 2024 च्या फेब्रुवारीत भांडण झालं आणि लेक त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. एप्रिलमध्ये तीच त्यांना घेऊन केंद्रात आली.

प्रश्न नेमका काय होता

पहिल्या भेटीत बोलत होती ती लेक. आजी मांडीवर कापडी पिशवी धरून बसल्या होत्या. "दादाने फसवून सह्या घेतल्या, बक्षीसपत्र मोडायचंय," ही लेकीची मागणी. विद्यार्थिनीने वहीत ठळक अक्षरात लिहिलं: कलम 23. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, 2007 मधलं हे कलम सांगतं की, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर देणाऱ्याच्या इच्छेनुसार ते हस्तांतरण रद्दबातल ठरवता येतं.

दस्तलेखकाकडून आलेल्या विद्यार्थ्याने मात्र आधी आजींकडे पाहिलं. त्यांनी अजून एक वाक्यही उच्चारलं नव्हतं. त्याने लेकीला आधार कार्ड, पासबुक आणि दस्ताची झेरॉक्स काढून आणायला पाठवलं. कॉलेजबाहेरच्या दुकानात नेहमी रांग असते, हे त्याला ठाऊक होतं. पक्षकाराशी एकट्याने बोलणं हा आमच्या केंद्राचा नियम आहे, पण कुणालाही न दुखवता तो पाळणं ज्याला जमतं तो चांगला वकील होतो, असं माझं मत आहे.

लेक बाहेर गेल्यावर आजी बोलल्या. सही फसवून घेतलेली नव्हती. "मला सगळं वाचून दाखवलं होतं. मी माझ्या खुशीनं दिलं. दिलेलं मी परत मागत नाही. पण माझ्या घरात मला पाव्हण्यासारखं राहायचं नाही." मग काय हवंय, असं विचारल्यावर त्यांनी पुढची खोली सांगितली. रस्ता दिसतो ती. आणि पासबुक. ईपीएस-95 या कर्मचारी पेन्शन योजनेतली विधवा पेन्शन जेमतेम 1,900 रुपये, पण एटीएम कार्ड थोरल्याकडे होतं.

विद्यार्थिनीने एक गोष्ट फार चांगली केली. तिने कागद पुढे ओढला आणि आजींना विचारत विचारत घराचा नकाशा काढला. दार कुठे, मोरी कुठे, संडास कुठे, जिना कुठे. पुढच्या खोलीवर पेन्सिल आल्यावर आजी म्हणाल्या, "इथं आता भाडेकरू." लेकीने ही गोष्ट सांगितलीच नव्हती. तिच्या दृष्टीने ती किरकोळ असावी. खरं भांडण त्या खोलीवरून पेटलं होतं.

म्हणजे दोन प्रश्न होते. लेकीचा मालकीचा, आजींचा राहण्याचा. आमची पक्षकार कोण, याबद्दल दोघा विद्यार्थ्यांत आठवडाभर वाद चालला. लेक आजींना सांभाळत होती, रिक्षाचे पैसे तीच देत होती. तिला बाजूला कसं ठेवायचं, हा विद्यार्थिनीचा प्रश्न खोटा नव्हता. शेवटी फाइलच्या पहिल्या पानावर "पक्षकार: आजी" एवढंच लिहिलं आणि लेकीला तसं स्पष्ट सांगितलं. ती नाराज झाली.

समोर असलेले मार्ग

सगळ्यात जास्त खल झाला तो बक्षीसपत्रावर. विद्यार्थ्याने दस्त वाचला आणि पहिल्याच वाचनात मान हलवली. "प्रेम व आपुलकीपोटी" एवढंच कारण. सांभाळाची अट कुठेच नाही. दस्तलेखकांकडे तयार नमुने असतात. त्यात नावं, चतुःसीमा आणि रक्कम भरली की दस्त तयार होतो. अट घाला असं कुणी सांगितलं तरच ती येते, आणि मुलाला घर देताना आई असं सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या निवाड्यात म्हटलं होतं की, कलम 23 लागू व्हायचं तर सांभाळाच्या अटीवर हस्तांतरण झालं होतं हे दिसलं पाहिजे. आमच्या दस्तात ते दिसत नव्हतं.

दुसरी अडचण पतसंस्थेची. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च केल्यावर बोजा कळला. बक्षीसपत्र मोडायला गेलो असतो तर पतसंस्था मध्ये आली असती आणि प्रकरण वर्षानुवर्षं लांबलं असतं. शिवाय वरच्या मजल्यावर सून आणि दोन नातवंडं. सासू-सासऱ्यांचा 2007 च्या कायद्याखालचा हक्क आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा सुनेचा सामायिक घरात राहण्याचा हक्क समोरासमोर आले तर दोन्ही कायद्यांचा मेळ घालून पाहावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या एस. वनिता प्रकरणात 2020 मध्येच स्पष्ट झालं होतं.

दुसरा मार्ग दिवाणी दाव्याचा: फसवणूक किंवा गैरवाजवी दबाव दाखवून दस्त रद्द मागायचा. त्याला मुदत 3 वर्षांची. ऑगस्ट 2021 पासून धरलं तर हातात 4 महिने होते. लेकीचा आग्रह याच मार्गाचा होता. "तुम्ही फक्त फसवून घेतलं एवढं लिहा, बाकी आम्ही बघतो," असं ती दोन-तीनदा म्हणाली. विद्यार्थिनीने नकार दिला, आणि तोही नीट समजावून दिला: अर्जाखाली सत्यापन आजी करणार, खोटं लिहिलं तर खोटं बोलल्याचा ठपका आजींवर येणार. मसुदा लिहिणाऱ्याने पक्षकाराच्या तोंडी न बोललेली वाक्यं घालायची नाहीत, हे वर्गात सांगता येतं. समोर लेक रडत असताना ते पाळणं वेगळं.

मुदतीचा प्रश्न मात्र सोडून देता येत नव्हता. आजींनी पुढे मन बदललं आणि तोवर मुदत संपली, तर तो दोष केंद्राचा ठरला असता. म्हणून पॅनेलवरच्या वकील मॅडमनी आजींना दाव्याबद्दल स्वतंत्र सल्ला दिला. स्त्री असल्यामुळे विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे उत्पन्न न बघता त्यांना मोफत वकील मिळणारच होता, तेही सांगितलं. आजींनी दावा नको म्हटलं. ते त्यांच्याच शब्दांत लिहून, वाचून दाखवून, सही घेऊन फाइलला लावलं.

बाकीचे मार्ग लवकर बाजूला पडले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खालचा अर्ज शक्य होता, पण 2007 च्या कायद्याप्रमाणे दोन्हींपैकी एकच मार्ग धरावा लागतो, आणि कोर्टाच्या तारखा आजींना झेपल्या नसत्या. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली निवासाचा आदेश मागता आला असता. त्यात सुनेला प्रतिवादी करावं लागेल हे कळताच आजींनी मान हलवली. पोलिसात जाण्याचा विषय त्यांनी काढूच दिला नाही.

उरला तो 2007 च्या कायद्याच्या कलम 5 खालचा निर्वाहाचा अर्ज, उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे. म्हणजे प्रांत कार्यालयात. तिथे कार्यपद्धती संक्षिप्त असते आणि सुनावणीआधी प्रकरण सलोखा अधिकाऱ्याकडे पाठवता येतं. खोलीचा प्रश्न आदेशाने सुटण्यापेक्षा समोरासमोर बसून सुटण्याची शक्यता जास्त होती.

याच कायद्याचं कलम 17 म्हणतं की पक्षकाराला वकिलामार्फत बाजू मांडता येणार नाही. वकील कायद्याचं कलम 30 लागू झाल्यापासून ही बंदी टिकत नाही, असं काही उच्च न्यायालयांनी म्हटलं आहे. तरी प्रत्यक्षात अनेक प्रांत कार्यालयांत अधिकारी आई-वडिलांनाच बोलायला सांगतात. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही जागा मोलाची आहे. तिथे वकील नसल्याची उणीव चांगल्या तयारीने भरून काढता येते, आणि तयारी करून घेणं विद्यार्थ्याच्या हातात असतं.

काय केलं

अर्जात किती रक्कम मागायची यावरून पुन्हा मतभेद. कायद्यात कमाल मर्यादा महिना 10,000 रुपयांची आहे. विद्यार्थिनी म्हणाली, पूर्ण मागू या, घासाघीस होऊन निम्मे मिळतील. विद्यार्थ्याने आजींबरोबर बसून हिशेब मांडला: औषधं आणि तपासणी 2,400, किराणा, दूध, भाजी 3,800, धुण्याच्या बाईचे 700, कपडे, प्रवास आणि इतर 1,500. एकूण 8,400. पेन्शनचे 1,900 वजा केले की 6,500. औषधांची बिलं जोडली. मी हिशेबाच्या बाजूने कौल दिला. प्रत्येक आकड्याचं उत्तर आजींना स्वतः देता आलं पाहिजे, एवढाच निकष होता. "एवढे कशाला लागतात?" या प्रश्नावर गोंधळलेली म्हातारी बाई सगळी बाजी हरू शकते.

पासबुकाच्या नोंदी विद्यार्थ्याने ओळीने तपासल्या. पेन्शन जमा झाली की दोन-तीन दिवसांत एटीएममधून जवळजवळ सगळी रक्कम काढलेली. त्याने अर्जात "पेन्शन हडप केली" असं लिहिलं होतं. वकील मॅडमनी ते खोडून "एटीएम कार्ड सामनेवाला क्र. 1 यांच्या ताब्यात असून अर्जदारास पेन्शनची रक्कम स्वतः काढता येत नाही" असं केलं. आरोप निघाला, मागणी जास्त पक्की झाली. मसुदालेखनाच्या तासाला मी आता हीच दोन वाक्यं फळ्यावर लिहिते.

अर्ज एप्रिलच्या अखेरीस दाखल झाला, आवक क्रमांकाची पोच घेतली, आणि काम तिथेच थांबलं. लोकसभेची निवडणूक चालू होती, अख्खं प्रांत कार्यालय त्यात गुंतलेलं. अर्ज निकाली काढायची कायद्यातली 90 दिवसांची मुदत मोजली जाते ती सामनेवाल्यांना नोटीस बजावल्यापासून, अर्जापासून नाही. विद्यार्थिनी दर आठवड्याला जाऊन नोटीस निघाली का ते विचारायची. जुलैच्या सुरुवातीला बजावणी झाली.

पहिल्या तारखेला थोरल्याने लेखी म्हणणं दिलं आणि एक अर्ज जोडला: धाकट्या भावाला आणि बहिणीलाही सामील करा, आईला सांभाळण्याची जबाबदारी त्यांचीही आहे. कायद्यात याची तरतूद आहे आणि विवाहित मुलगीही त्यात येते. अर्ज मंजूर झाला. जिने आईला केंद्रात आणलं तीच आता सामनेवाली. लेकीला हा मोठा धक्का होता. त्या संध्याकाळी तिने आजींशी बोलणं टाकलं, आणि आजी राहत होत्या तिच्याच घरी. विद्यार्थी दोघंही हादरले.

तरी त्याच दिवशी अंतरिम निर्वाहाची मागणी पुढे रेटली हे बरं झालं. थोरल्याने महिना 3,000 द्यावेत असा अंतरिम आदेश झाला. पहिला हप्ता खात्यात आल्यावर आजींनी त्यातून लेकीच्या घरी किराणा भरला. लेकीचा राग थोडा निवळला.

आता तयारी आजींची. सुरुवातीला त्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर आजोबांच्या वर्कशॉपपासून सुरू करत आणि मध्येच डोळ्यांना पदर लावत. विद्यार्थिनीने एक भाषण लिहून आणलं होतं. मी ते बाजूला ठेवायला सांगितलं. पाठ केलेलं बोलणं अधिकाऱ्याला पहिल्या वाक्यात कळतं. त्याऐवजी दोघांनी आळीपाळीने प्रांतसाहेब होऊन आजींना प्रश्न विचारले. आडवे प्रश्नही: "घर तुम्हीच दिलंत ना? मग आता तक्रार कशाला? मुलीकडे काय वाईट आहे?" तिसऱ्या शनिवारी आजी उत्तराला लागल्या. मुलीकडे वाईट काहीच नाही, "पण ते तिचं घर आहे."

सलोखा अधिकाऱ्यांपुढे ऑगस्टच्या शेवटी पहिली बैठक झाली. थोरल्याने वकील आणले होते. दोन्हीकडून माणसांनीच बोलावं असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. आमच्या विद्यार्थिनीला आजींची मदतनीस म्हणून शेजारी बसायची तोंडी परवानगी मिळाली, बोलायची नाही. "आजी, तुम्हाला काय पाहिजे?" यावर आजी म्हणाल्या, "पुढची खोली, माझं पासबुक आणि औषधाचे पैसे. घर पोराचंच राहू दे." थोरला आपल्या कागदांची पिशवी घेऊन बसला होता, बक्षीसपत्र कसं कायदेशीर आहे हे सांगायला. त्या कागदांची गरजच उरली नाही. तो बराच वेळ गप्प बसला.

मग खोलीची गोष्ट निघाली आणि तो नकाशा टेबलावर आला. भाडेकरूचा 11 महिन्यांचा करार नोव्हेंबरअखेर संपणार होता. सुनेने बोट ठेवून दाखवलं की पुढच्या खोलीतून संडासला जायला स्वयंपाकघरातूनच वाट आहे, रात्री-अपरात्री सगळ्यांची झोप मोडते. जुनी कुरबुर त्यावरून होती. धाकटा म्हणाला, बाहेरून दार काढायला मी पैसे देतो. पाच माणसं एका पेन्सिलीच्या चित्रावर वाकून दाराची जागा ठरवत होती. बक्षीसपत्राचा शब्द त्या तासात कुणी काढला नाही.

निष्पत्ती

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, विधानसभेची आचारसंहिता लागण्याआधी, समेटाप्रमाणे आदेश झाला. थोरल्याने महिना 2,500, धाकट्याने 3,000, थेट आजींच्या खात्यात. लेकीवर रकमेची जबाबदारी नाही. दवाखान्याची ने-आण तिच्याकडे. पासबुक आणि कार्ड आदेशाच्या दिवशीच परत. पुढची खोली डिसेंबरपासून आजींची, बाहेरच्या दारासह. आणि आजींच्या हयातीत त्यांच्या लेखी संमतीशिवाय घर विकणार नाही की त्यावर नवीन बोजा चढवणार नाही, अशी थोरल्याची हमी आदेशात नमूद झाली.

मागितलेल्या 6,500 पैकी 5,500 मिळाले. आजींना त्याचं काही वाटलं नाही. खोली त्यांच्या लेखी मोठी होती. डिसेंबरात त्या घरी परतल्या. बाहेरचं दार निघायला संक्रांत उलटून गेली.

2 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने ऊर्मिला दीक्षित प्रकरणात निकाल दिला. कलम 23 कडे कल्याणकारी कायद्याच्या नजरेने उदारपणे पाहावं असं सांगून मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द ठरवलं. लेक वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन केंद्रात आली. विद्यार्थ्यांनी निवाडा वाचला आणि फरक दाखवला: तिथे सांभाळाची हमी देणारं वेगळं वचनपत्र आईने पुढे केलं होतं. आमच्याकडे तसा कागद नव्हता. तरी आजींना हे सांगणं आमचं काम होतं, म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा नको म्हटलं.

मार्च आणि एप्रिल 2025 मध्ये थोरल्याचे पैसे आले नाहीत. कारखान्यात कामाच्या पाळ्या कमी झाल्या होत्या, हे खरं होतं. अशा वेळी दोन वेगळे रस्ते असतात: परिस्थिती बदलली म्हणून रक्कम कमी करून मागणं, जे कलम 10 प्रमाणे त्याने करायचं, आणि थकबाकीच्या वसुलीचा अर्ज, जो कलम 11 प्रमाणे आजींनी करायचा. वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून 3 महिन्यांच्या आत द्यावा लागतो. आजी गप्प होत्या, कारण पुन्हा प्रांत ऑफिसचं नाव काढलं तर घरात वाद होईल. विद्यार्थ्याने त्यांच्याकडून पासबुक भरून घेतलं तेव्हा मेच्या शेवटी हे कळलं. मार्चच्या रकमेसाठी फार थोडे दिवस उरले होते. अर्ज वेळेत गेला, नोटीस निघताच थोरल्याने दोन्ही महिन्यांचे पैसे भरले.

वेगळं काय करता आलं असतं

लेकीला पहिल्याच महिन्यात सांगायला हवं होतं की, भाऊ तिला सामील करून घेऊ शकतो. कायद्यात ते लिहिलेलं होतं, दोघांनी वाचलेलंही होतं. पण आपल्या बाजूचं माणूस सामनेवाला होईल, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. आता केंद्राच्या मुलाखतपत्रकात एक रकाना घातला आहे: अर्ज केल्यावर आणखी कोणाकोणाला ओढलं जाऊ शकतं?

घर न विकण्याच्या हमीबद्दल माझं समाधान झालेलं नाही. ती आदेशात आहे, पण मिळकत पत्रिकेवर किंवा नोंदणी कार्यालयात तिची नोंद नाही. उद्या एखाद्या खरेदीदाराला ती दिसणार नाही. समेटाच्या वेळीच आजींच्या हयातीतल्या राहण्याच्या हक्काचा स्वतंत्र दस्त नोंदवून घेण्याचा आग्रह धरता आला असता. थोरला त्या दिवशी नरम होता, पतसंस्थेशी बोलून ते जमलं असतं असं विद्यार्थ्याला वाटतं. विद्यार्थिनीचं मत उलट आहे: दस्ताचं नाव काढलं असतं तर वकील पुन्हा पुढे सरसावले असते आणि समेट मोडला असता. मला तिचं जास्त पटतं, पण दस्ताची आठवण आदेशानंतर दोन महिन्यांनी करता आली असती, ती कुणी केली नाही.

तिसरी गोष्ट केंद्राच्या रचनेतली आहे. निर्वाहाचा आदेश आजींच्या हयातभर चालणार, विद्यार्थी तीन वर्षांत बाहेर पडणार. 2025 च्या उन्हाळ्यात दोघंही शेवटची परीक्षा देऊन गेले. तो आता सनद घेऊन तालुक्याच्या कोर्टात उभा राहतो, ती न्यायाधीश पदाच्या परीक्षेची तयारी करते. पासबुक भरून घेण्याची कल्पना त्याची होती, केंद्राच्या कुठल्याही नियमात नव्हती. तो नसता तर मार्चची वसुली हातची गेली असती.

आता निर्वाहाच्या प्रत्येक फाइलला शेवटच्या पानावर हस्तांतर टिपण असतं. आजींच्या फाइलमध्ये नव्या जोडीसाठी त्यावर असं लिहिलं आहे: दर दोन महिन्यांनी पहिल्या शनिवारी पासबुक बघणे. हप्ता चुकल्यास चुकलेल्या तारखेपासून 3 महिन्यांची तारीख लाल शाईने लिहिणे. आजी स्वतःहून तक्रार करत नाहीत, एकट्या असताना विचारणे. राहण्याच्या हक्काच्या दस्ताबद्दल थोरल्याशी बोलायचं का, हे आधी आजींना विचारणे. लेकीचा फोन आल्यास नीट बोलणे, पण फाइलमधलं काही न सांगणे.